‘द होल नाइन यार्ड्स’ आपल्या नऊवारीवरून आलं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमची भाची न्यू जर्सीत शिवलेल्या नऊवारी विकते, तिला जाहिरातीत लिहायचंय की इंग्रजीतला ‘द होल नाइन यार्ड्स’ हा वाक्प्रचार आपल्या नऊवारी लुगड्यावरून तिकडे गेला, तसा फॉरवर्ड तिला तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलाय, तर हे खरं आहे का, नसेल तर मग आलं कुठून, आणि मराठीत ह्याला नेमकं काय म्हणायचं. तिन्हीचं उत्तर देते. लांब होईल, कारण ह्या एका वाक्प्रचारामागे अमेरिकेतल्या लोकांनी अक्षरशः आयुष्यातली वर्षं घातलीयत आणि मी स्वतः इंग्रजी-मराठी भाषांतराच्या कामात सव्वीस वर्षं आहे, त्यातली बरीच वर्षं कोशाच्या नोंदी तपासण्यात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी सरळ उत्तर: नाही, नऊवारीवरून आलेलं नाही. भाचीला ते वाक्य छापू देऊ नका.

आता अर्थ. ‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे सगळंच्या सगळं, काहीही न वगळता, शेवटपर्यंत. साधारण तीन प्रकारे वापरतात. एक म्हणजे यादी देऊन झाल्यावर शेवटी: हळद, मेंदी, संगीत, वरात, द होल नाइन यार्ड्स. दुसरं ‘गो’ लावून, म्हणजे एखाद्यानं हात राखून न ठेवता पूर्ण जोर लावला. आणि तिसरं ‘गिव्ह’ किंवा ‘टेल’ लावून, म्हणजे सगळी हकीकत सांगितली, इत्थंभूत. ह्या तिसऱ्या वापराकडे लक्ष ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे. वाक्प्रचार अमेरिकन आहे, बोलीतला आहे, ब्रिटनमध्ये तो बराच उशिरा रुळला. करारात, कोर्टाच्या कागदात, सरकारी पत्रात घालू नये, मैत्रीतल्या ईमेलमध्ये किंवा जाहिरातीत चालतो.

नऊवारीचा दावा वरवर बघितला तर अगदी पटण्यासारखा आहे हे मला मान्य आहे. ‘वार’ म्हणजेच यार्ड, तीन फूट. नऊवारी म्हणजे शब्दशः नाइन यार्ड्सची. दीडशे वर्षांहून जास्त इंग्रज इथे राहिले, त्यांनी आपल्याकडचे शब्द नेले, मग हाही नेला असेल, असं कुणालाही वाटेल. त्यात आणखी एक योगायोग असा की अमेरिकेत जुन्या काळी ‘नाइन यार्ड्स’सोबत ‘सिक्स यार्ड्स’ असंही म्हणायचे, आणि आपल्याकडे सहावारीही आहे! हा सिक्स यार्ड्सचा पुरावा फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना माहीत नसतो, माहीत असता तर त्यांनी तो आनंदानं घातला असता. मीच तो तुम्हाला देतेय, कारण दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मांडूनच त्याला तपासायला हवं.

पण तपासायचं कसं? शब्द प्रवास करतो तेव्हा मागे कागद सोडतो. आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचं बघा. मुंगूस हा मराठी शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीसच इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात दिसायला लागतो. डंगरी हे जाड्याभरड्या कापडाचं नाव, जे मुंबईच्या डोंगरीशी जोडलं जातं, ते तर त्याच्याही आधीपासून व्यापाऱ्यांच्या कागदांत आहे. लूट, बंगला, पायजमा, शॅम्पू, प्रत्येकाची अशी पायवाट आहे: आधी हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या पत्रांत, हिशेबांत, मग लंडनच्या छापील पुस्तकांत, मग सगळीकडे. १८८६ साली यूल आणि बर्नेल ह्या दोघांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश काढला, त्यात हे सगळे शब्द आहेत. ‘नाइन यार्ड्स’ नावाचा वाक्प्रचार त्यात नाही. नऊवारीवरून तो गेला असता तर पहिल्यांदा मुंबई-पुण्याच्या इंग्रजी पेपरांत, साहेब लोकांच्या आठवणींत दिसला असता, मग इंग्लंडात, आणि शेवटी अमेरिकेत. प्रत्यक्षात सगळं उलटं आहे. तो पहिल्यांदा दिसतो अमेरिकेच्या आतल्या भागात, इंडियाना आणि केंटकी राज्यांतल्या छोट्या गावांत, जिथे त्या काळात नऊवारी लुगडं कुणी डोळ्यांनी बघितलं असण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

ते पुरावे आता एकेक सांगते कारण खरी मजा तिथेच आहे.

इंडियाना राज्याच्या दक्षिणेला मिचेल नावाचं गाव आहे. तिथल्या ‘मिचेल कमर्शियल’ ह्या पेपरात मे १९०७ मध्ये एका बेसबॉल मॅचची बातमी आहे. गावाची नेहमीची टीम विरुद्ध गावातले व्यापारी, अशी मॅच होणार होती आणि पेपरवाला लिहितो की व्यापाऱ्यांना झेपतील तेवढ्या इनिंग्ज खेळल्या जातील, पण ‘फुल नाइन यार्ड्स’चं वचन आम्ही देऊ शकत नाही. आत्तापर्यंत सापडलेला हा सगळ्यात जुना नमुना. बघा, ‘होल’ नाही, ‘फुल’ आहे. बेसबॉलमध्ये खेळाडू नऊ, इनिंग्ज नऊ, म्हणून लगेच वाटतं की अरे, इथनंच आलं असणार! मलाही पहिल्यांदा वाचताना तसं वाटलं होतं. पण त्याच पेपरात वर्षभरानं, जून १९०८ मध्ये, परत तोच वाक्प्रचार आहे आणि तिथे बेसबॉलचा संबंधच नाही. रॉस्को नावाचा कुणी गावकरी मासे पकडायला गेला होता, त्याच्याकडे सांगायला मोठी गोष्ट आहे पण आम्ही काही ती ऐकत उभे राहणार नाही, एखादा बेसावध माणूस त्याच्या तावडीत सापडेल आणि त्याला तो ‘फुल नाइन यार्ड्स’ ऐकवेल, असं लिहिलंय. म्हणजे हा वाक्प्रचार गावात आधीपासून बोलण्यात होता, अर्थ सांगायची गरज नव्हती, वाचणाऱ्याला तो कळत होता. बेसबॉलच्या बातमीत नऊ इनिंग्जमुळे तो लिहिणाऱ्याला सुचला असेल इतकंच.

मग १९१२. नदीपलीकडचं केंटकी राज्य, तिथला ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ हा पेपर. ते अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष होतं, रिपब्लिकन पक्षात थिओडोर रूझवेल्ट आणि टाफ्ट यांचं जोरात भांडण चाललेलं. मे महिन्यात एक डेमोक्रॅट लिहितो की हे दोघं एकमेकांवर उलटले नसते तर त्यांच्या पक्षातल्या भानगडी आपल्याला कळल्याच नसत्या, अजून थोडं तापू द्या, मग ते ‘होल सिक्स यार्ड्स’ सांगतील. जूनमध्ये परत त्याच पेपरात: आम्ही काही दिवस बाहेर होतो, ह्या अंकात सगळ्या बातम्या देता आल्या नाहीत, पुढच्या अंकात ‘होल सिक्स यार्ड्स’ देऊ. म्हणजे इथे सहा. मग १९२१ मध्ये साउथ कॅरोलायना राज्यातल्या स्पार्टनबर्गच्या पेपरात मथळा येतो, ‘द होल सिक्स यार्ड्स ऑफ इट’. इथेही सहाच.

त्यानंतर बरीच वर्षं छापील कागदावर जवळजवळ शांतता. आणि मग एकदम जुलै १९५६ मध्ये परत केंटकीच, तिथल्या मासेमारी आणि शिकार खात्याचं मासिक, त्यात मासेमारीच्या स्पर्धेचा सगळा तपशील देऊन झाल्यावर लेखक म्हणतो, तर हे झालं ‘होल नाइन यार्ड्स’. पुढच्याच वर्षी त्याच मासिकात ‘गो द होल नाइन यार्ड्स’ पण आलं. साठच्या दशकात मग तो लष्करात आणि नासाच्या लोकांत शिरला. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पेपरांत रॉकेटवाल्यांच्या खास बोलीवर एक लेख छापून आला, त्यात ह्याचा अर्थच दिलाय: कुठल्याही प्रकल्पाचा एकेक बाब धरून दिलेला अहवाल. १९६७ पर्यंत व्हिएतनाममधल्या अमेरिकन वैमानिकांवरच्या पुस्तकात तो सर्रास येतो. तिथून घरी परतलेल्या सैनिकांबरोबर तो देशभर पसरला असावा, हा माझा अंदाज, पण वेळ बघता पटण्यासारखा.

हे सगळं शोधलं कुणी, तर बॉनी टेलर-ब्लेक नावाच्या बाई, ज्यांचं रोजचं काम नॉर्थ कॅरोलायनात मेंदूविज्ञानातल्या संशोधनाचं आणि भाषेचा शोध हा निव्वळ छंद, आणि त्यांच्याबरोबर येल लॉ स्कूलच्या लायब्ररीतले फ्रेड शापिरो. अमेरिकन डायलेक्ट सोसायटी ह्या तिकडच्या बोलींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेशी जोडलेले आणखीही काही जण होते. जुने पेपर स्कॅन होऊन शोधता यायला लागले आणि हे लोक त्यात वर्षानुवर्षं खोदत राहिले. एक काळ असा होता की १९६० च्या दशकाच्या मागे कुणाला जाताच येत नव्हतं. मग १९५६ सापडलं, १९१२ सापडलं, २०१२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सनं त्यावर बातमी केली, आणि त्यानंतर १९०७-०८ हातात आलं. न्यूयॉर्क टाइम्समध्येच विल्यम सफायर भाषेवर स्तंभ लिहायचे, त्यांनी ह्या वाक्प्रचारावर कितीतरी वेळा लिहिलं होतं, पण ते २००९ मध्ये गेले, हे सापडलेलं बघायला ते राहिले नाहीत. मला ह्याचं फार वाईट वाटतं.

आता एवढ्या तारखा हातात असल्या की बाकीच्या गोष्टी पटापट निकालात निघतात. सगळ्यात लोकप्रिय गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची: मशीनगनच्या गोळ्यांचा पट्टा २७ फूट म्हणजे नऊ यार्ड लांब असायचा आणि वैमानिकानं शत्रूवर सगळा पट्टा रिकामा केला की तो म्हणायचा, दिले त्याला होल नाइन यार्ड्स. ऐकायला इतकी झकास की माणसं ती सोडायलाच तयार नसतात. पण युद्धाच्या काळातल्या पत्रांत, रिपोर्टांत, आठवणींत त्या अर्थानं हा शब्द सापडत नाही, गोळ्या कधी लांबीवर मोजत नसत तर नगावर मोजायचे, आणि पट्ट्याची लांबी विमानागणिक, किंबहुना एकाच विमानातल्या गनागणिक वेगळी असायची. पी-५१ विमानात पंखाच्या आतल्या गनला गोळ्या जास्त, बाहेरच्या गनांना कमी. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी १९०७ साली गोळीबार करणारं विमानच नव्हतं, राइट बंधूंचं पहिलं उड्डाण होऊन तेव्हा चार वर्षं पण झाली नव्हती.

काँक्रीटची गोष्ट: मिक्सरच्या ट्रकमध्ये नऊ घनयार्ड काँक्रीट मावतं, पूर्ण गाडी ओतली की होल नाइन यार्ड्स. आपल्याकडे साइटवर ‘सहा क्यूबची गाडी’ म्हणतात तसंच. पण १९६०च्या सुरुवातीला तिकडच्या गाड्यांची सरासरी सव्वासहा घनयार्डाच्या आसपास होती, त्याच्या आधी तर साडेचारचीच गाडी नेहमीची धरायचे. गाड्या मोठ्या झाल्या नंतर, वाक्प्रचार आधीचा.

शिडाच्या जहाजाची पण आहे. डोलकाठीवर शीड बांधायला जी आडवी काठी असते तिला इंग्रजीत यार्डच म्हणतात, तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर तीन, झाले नऊ. पण मोठ्या जहाजांवर त्याहून जास्त असायच्या आणि खलाशांच्या त्या काळच्या लिखाणात हा वाक्प्रचार नाही. अमेरिकन फुटबॉलची तर अगदीच लंगडी, तिथे दहा यार्ड पुढे जावं लागतं, नऊ गेलात तर कमी पडलात! स्कॉटिश किल्ट, प्रेताचं कफन, व्हिएतनाममधल्या डोंगराळ जमाती ज्यांना अमेरिकन सैनिक लाडानं ‘यार्ड्स’ म्हणायचे, अशा आणखी डझनभर आहेत, सगळ्या १९०७ च्या पेपरासमोर गळून पडतात किंवा त्यांना पुराव्याचा एक कपटाही नाही.

एक मात्र मी बाजूला काढून ठेवते, कारण ती कापडाचीच आहे. जानेवारी १८५५ मध्ये इंडियानातल्याच न्यू ऑल्बनी गावच्या पेपरात एक विनोदी गोष्ट आली होती. एका न्यायाधीशाला तीन शर्ट शिवायचे होते, तेवढं कापड आणायला सांगितलं, आणि शिवणाऱ्या बाईनं तीनऐवजी एकच प्रचंड शर्ट शिवला. न्यायाधीश वैतागून म्हणतो, हिनं होल नाइन यार्ड्स एकाच शर्टात घातले. शब्द अगदी तेच, राज्य तेच. पण इथे ते खरोखरचे नऊ यार्ड आहेत, वाक्प्रचार नाही. ह्या गोष्टीतून वाक्प्रचार निघाला का? निघालाही असेल, गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली असेल. पण १८५५ ते १९०७ ही बावन्न वर्षं मध्ये रिकामी आहेत आणि त्या रिकाम्या जागेवर मी माझ्या नावानं सही करणार नाही.

मग नऊ कशाचे? शापिरोंचं म्हणणं असं की कशाचेच नाहीत. सहा पण चालायचे आणि नऊ पण चालायचे ह्यावरूनच दिसतं की मोजण्यासारखी वस्तू तिथे नव्हतीच. १९१२ चा पुरावा मिळाला तेव्हा त्यांनी असंही म्हटलं होतं की सहाचे पुढे फुगून नऊ झाले, जसं अत्यानंदात तरंगण्याला आता म्हणतात त्या ‘क्लाउड नाइन’च्या आधी लोक ‘क्लाउड सेव्हन’ म्हणायचे. पण मग १९०७ चा नऊवाला नमुना सापडला, सहाच्याही आधीचा, त्यामुळे फुगण्याचा भाग तितकासा टिकत नाही. आकडा मनचाहा होता, हा भाग मात्र टिकतो.

मला स्वतःला जे दिसतं ते थोडं वेगळ्या ठिकाणी आहे. ते जुने नमुने परत बघा. रॉस्को त्याची माशांची गोष्ट ऐकवणार. रूझवेल्ट-टाफ्ट भानगडी सांगणार. संपादक बातम्या पुढच्या अंकात देणार. १९५६ मध्ये स्पर्धेचा तपशील सांगून झाला. १९६४ मध्ये एकेक बाब धरून अहवाल. बेसबॉलचा आणि १९५७ चा ‘गो’वाला सोडला तर सगळीकडे सांगणं आहे, बोलण्याची लांबी आहे! गोष्ट ही लांबलचक वस्तू आहे, दोरीसारखी किंवा ताग्यासारखी उलगडत जाते, म्हणून ती यार्डात मोजायची, हे अगदी सहज सुचण्यासारखं आहे. इंग्रज खलाशी गोष्ट सांगण्याला ‘स्पिन अ यार्न’ म्हणजे सूत कातणं म्हणायचे. आणि आपण काय म्हणतो? चऱ्हाट! एखाद्यानं नको तितकं लांबवलं की ‘काय चऱ्हाट लावलंय’, आणि चऱ्हाट म्हणजे मुळात जाड दोर. लांबण लावली, ताणलं, गुंडाळलं, ही सगळी क्रियापदं बोलण्याला आपण सुतादोराची लावतो. तेव्हा यार्डाचं कोडं सोडवायला विमानं आणि ट्रक कशाला हवेत, हे माझं मत. हे मत आहे, पुरावा नव्हे, ते तसंच घ्या.

आणि आकड्याचं म्हणाल तर मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच पडू नये. ‘सोळा आणे खरं’ म्हणतो तेव्हा आकड्याला हिशेब आहे, १९५७ मध्ये नवे पैसे येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते म्हणून सोळा. ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतो तेव्हा ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले डोळ्यांना दिसतात. पण ‘सत्राशे साठ भानगडी’? कुणी मोजल्या? ‘तुझ्यासारखे छप्पन बघितले’, सत्तावन्नावा का नाही? आकडा ठसठशीत लागला, तोंडात बसला, राहिला. ‘नाइन’चं तसंच आहे.

गंमत म्हणजे नऊवारीतले नऊसुद्धा असेच सैल झालेत. तुमचा प्रश्न आल्यावर मी आईच्या ट्रंकेतली तीन लुगडी काढली, गच्चीवर चटई टाकून पसरली आणि सुताराकडचा स्टीलचा टेप लावून मोजली. नऊ वार म्हणजे ८ मीटर २३ सेंटिमीटर व्हायला हवेत. एक इरकल निघालं ८ मीटर २० चं, म्हणजे बरोबर. दुसरं ८ मीटर ५ सेंटिमीटर, तिसरं, जे ती रोज नेसायची आणि धुऊन धुऊन मऊ झालंय, ते ७ मीटर ९०. तिन्हींना ती नऊवारीच म्हणायची. तिची आई तर वारात बोलायचीच नाही, हातात बोलायची, अठरा हात लुगडं. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, दोन हातांचा एक वार. आणि आपली पाचवारी बघा, दुकानात मिळते ती साधारण साडेपाच मीटरची, म्हणजे हिशेबानं सहा वार, तिलाच कुणी पाचवारी म्हणतं, कुणी सहावारी, कुणी सरळ गोल साडी. मापं मीटरमध्ये आणायचा कायदा आपल्याकडे झाला १९५६ साली, म्हणजे केंटकीच्या त्या मासिकात नाइन यार्ड्स छापलं गेलं त्याच वर्षी. दुकानातला गज गेला, मीटरपट्टी आली, नावातला वार मात्र अजून आहे.

आता मराठीत काय म्हणायचं. ह्यावर मी जरा तळमळीनं बोलते कारण कामात रोज बघते. सबटायटलच्या एका कामात, बरीच वर्षं झाली, नायक वकिलाला सांगतो की मला होल नाइन यार्ड्स हवंय, म्हणजे केसची एकूण एक माहिती, आणि तिथे मराठीत आलं होतं ‘मला पूर्ण नऊवारी हवी’. करणारी मुलगी हुशार होती, तिनं शोधलं होतं, तिला हाच फॉरवर्डवाला खुलासा मिळाला होता आणि तिनं विश्वास ठेवला. तिचा दोष मी मानत नाही. चुकीची व्युत्पत्ती अशी भाषांतरात उतरते, म्हणूनच मी भाचीच्या जाहिरातीबद्दल इतकी अडून बसलेय.

एकच मराठी शब्द शोधू नका, सापडणार नाही, वापर बघून बदलावा लागतो. हकीकत सांगण्याचा असेल तर ‘इत्थंभूत सांग’, ‘अथपासून इतिपर्यंत सांग’, अगदी बोलीत ‘सगळं पहिल्यापासून सांग, काही ठेवू नको’. समारंभाचा असेल तर ‘साग्रसंगीत’ ह्यासारखा शब्द नाही, ‘लग्न साग्रसंगीत केलं’ ह्यात हळदीपासून वरातीपर्यंत सगळं आलं. अभ्यासाचा, विषयाचा असेल तर ‘सांगोपांग’. माणसं किंवा वस्तू असतील तर ‘झाडून सगळे’, ‘एकूण एक’. आणि जोर लावण्याचा असेल, गो द होल नाइन यार्ड्सवाला, तर ‘कसर ठेवली नाही’ किंवा ‘हात आखडता घेतला नाही’, हे दोन्ही चालतात पण दुसरं पैशाच्या बाबतीत जास्त शोभतं. त्या वकिलाच्या वाक्यात मी शेवटी ‘मला एकूण एक गोष्ट कळली पाहिजे’ असं केलं, साधं आहे पण नटाच्या ओठांशी बरोबर बसलं.

इंग्रजीत वापरताना दोन गोष्टी सांभाळायला सांगा भाचीला. ‘द’ गाळायचा नाही, आणि ‘यार्ड्स’ नेहमी अनेकवचनात. १९०७ चा ‘फुल’ आता कुणी म्हणत नाही, ‘होल’च.

आणि जाहिरातीचं. ती अमेरिकेत आहे, तिची गिऱ्हाइकं दोन्ही भाषा जाणणारी आहेत, तेव्हा हा शब्दखेळ तिनं जरूर करावा, त्यात काही खोटं नाही. ‘नऊवारी: लिटरली द होल नाइन यार्ड्स’ एवढंच लिहिलं तर ते खरं आहे, सुंदर आहे, आणि वाचणाऱ्याला आपोआप कळतं. फक्त ‘हा वाक्प्रचार इथून आला’ हे वाक्य काढून टाका. आणि शिवलेली नऊवारी विकतेय म्हणून आणखी एक: तिच्या कारागिराला विचारून घ्या कापड खरोखर किती लागतं. रेडिमेडमध्ये काष्टा आणि निऱ्या आधीच शिवलेल्या असतात, त्यात कापड बरंच कमी घालून चालतं, आणि ‘लिटरली’ लिहायचं असेल तर मग ८ मीटर २३ भरायला हवं.